आधी तुनी नात जेवू दे

शाळेत मी पहिल्यांदा टिकलो तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो आणि हातात झारा होता. त्याआधी लहानपणी एकदा बापाने मला चिंचणीच्या शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं होतं. बाप वळला तसा मीपण वळलो आणि त्याच्या आधी घरी पोचलो. बाप बोलला, "याचं डोकं चालंल का नाय माहीत नाय, पाय मात्र चांगले चालतात." तेवढीच माझी गुणपत्रिका.

तर मी शाळेचा आचारी. मला लिहिता येत नाय, म्हणून मी बोलतोय आणि आमच्या शाळेतल्या निकिता बाई लिहून घेतायत. मध्येमध्ये त्या सुधारायला बघतात. मी बोललो, बाई, तुम्ही पोरांना सुधारा. दिवाळी अंकवाल्या मॅडमचा फोन आला की काका, तुमच्या कामाबद्दल कायतरी सांगा. मी विचारलं, "का? तुम्हाला काय मिळणार?" मॅडम हसल्या. मी काय हसलो नव्हतो. आमच्या शाळेत हा प्रश्न लय जुना आहे, आणि मी सांगतोय ते सगळं त्याच प्रश्नाचं आहे.

शाळेआधी मी चारोटीला हायवेवर एका हॉटेलात होतो. हायवेचं गिऱ्हाईक म्हंजे आचाऱ्याला देवच. मीठ कमी पडलं तरी तक्रार करायला परत येत नाय, तोपर्यंत ते वापीला पोचलेलं असतं. त्यामुळे तिकडे माझं लय चांगलं नाव होतं. एकदा एक चष्मेवाले सर उसळपाव खाऊन सरळ आत भटारखान्यात आले. "ही उसळ कोणी केली?" मला वाटलं, उसळीत केस निघाला. मी बोट दाखवलं शेजारच्या पोळ्या लाटणाऱ्याकडे. सर त्याला बोलले, "आमच्या शाळेत स्वयंपाकाला येणार का? महिन्याचा पगार, रविवारी सुट्टी." तेव्हा मी पुढे झालो. "साहेब, केस निघाला असंल तर त्याचा. उसळ माझी."

ते आमचे मोठे सर. त्यांनी मला शाळा समजावली, ती मी तुम्हाला मला समजली तशी सांगतो. गंजाडच्या आत, डांबर संपतं त्याच्याही पुढे, एक सरकारी शाळा होती. पोरं कमी, म्हणून बंद पडायला आलेली. सरकारने ती एका संस्थेला चालवायला दिली. इमारत सरकारची, मास्तर संस्थेचे, पोरं आजूबाजूच्या पाड्यांवरची, जो येईल तो. फी नाय. पुस्तकं, कपडे, सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, लांबच्या पाड्याला गाडी, सगळं शाळेचं. पहिलीपासून मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि पोर घरची भाषा बोललं तर कोणी ओरडायचं नाय. आईबापाने कधीही यावं, वर्गात मागे बसून बघावं. काही वर्षांनी सरकार येऊन तपासणार. पोरं शिकली तर करार पुढे, नाय शिकली तर संस्था घरी.

मी विचारलं, "आणि आईबापाकडून काय घ्यायचं?"

"काहीच नाही."

मला तिथेच शंका आली. फुकट पोटभर जेवण मी फक्त लग्नात बघितलं होतं, आणि तिथेपण दारात पाकीट घ्यायला माणूस बसवतात. पहिले काही दिवस मी पाणी भरायच्या निमित्ताने सगळ्या खोल्या बघून आलो. पैसे घ्यायची पेटी कुठे सापडली नाय. मग तर संशय वाढलाच. पेटी सापडली असती तर निदान झोप लागली असती.

आणि मी तर आतला माणूस. पाड्यावरच्या लोकांचं काय होत असंल बघा. आमच्या डहाणू-तलासरीत कोण माणूस कागद घेऊन आला की लोकं आधी त्याच्या पायाकडे बघतात. बूट दिसले म्हंजे सर्वे. आज रस्त्याचा, उद्या रेल्वेचा, परवा आणखी कशाचा. आधी माणूस गोड बोलतो, मग अंगठा घेतो, मग शेतात खुणेचा दगड उभा राहतो. मोठे सर बूट घालून पाड्यावर गेले. लोकांनी खाट टाकली, पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि बोलले, "येतो." आमच्याकडे असा गोड "येतो" आला की समजायचं, नाय. मग सर दुसऱ्या वेळेला चपला घालून गेले. तर लोकं बोलली, "त्या दिवशी बूट होतं, आज चपला. कायतरी लपवतोय."

जूनमध्ये शाळा सुरू व्हायची होती. सर मला बोलले, "काका, पहिल्या दिवशी असं काहीतरी करा की लोकांना वाटलं पाहिजे, ही आपली शाळा." मी डोकं चालवलं. माझं डोकं चालायला लागलं की खरं म्हंजे कोणीतरी थांबवायला पाहिजे. कासाच्या बाजारात एक बाई कोळीची भाजी घेऊन बसली होती. जूनमध्ये रानात उगवते, लांब लांब पात्यांची. वारल्यांना लय आवडते. मी तिच्याकडची सगळी भाजी उचलली. चण्याची डाळ घातली, कांदा घातला, लसूण घातली, आणि मला माझाच अभिमान वाटायला लागला.

पोरं आली. आईबाप लांब भिंतीला टेकून उभे. ताटं वाढली. एकही पोर हात लावेना. मला वाटलं, मीठ कमी. मीठ घातलं. तरी नाय. मग मी सगळ्यांसमोर एक घास खाऊन दाखवला. मग दुसरा. मग ताटच संपवलं. लोकं माझ्याकडे बघत होती, जशी पूजेत चपला घालून घुसलेल्या माणसाकडे बघतात.

एक बाई पुढे आली. अंगाने काटकुळी, कमरेला कोयती, आणि मागे तिचं लुगडं धरून एक पोरगी. ती जिवलीबाय. आणि पोरगी संजना, पहिलीत घ्यायच्या वयाची. जिवलीबायने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आचारी, आमचं देव अजून जेवलं नाय. तू जेवला?"

मग मला कळलं. ही भाजी रानात आली की पाडा एक दिवस ठरवतो. त्या दिवशी ती शिजवून आधी देवाला ठेवतात, घरातल्या गेलेल्या माणसांना ठेवतात. ते जेवले की मग जिवंत माणसांनी खायची. तो दिवस अजून ठरलाच नव्हता. आणि मी त्यांच्या पोरांना देवाच्या आधी वाढून मोकळा झालो होतो.

मी बोललो, "अगं पण बाजारातल्या बाईने मला विकली ना!"

"तू कठं आमच्यातला? तुना देव तुना काय करायचं ते करंल."

तुना म्हंजे तुझा. त्यांची बोली तशी, आणि लहानमोठा सगळ्यांना एकच तू. मला तर वाटतं बरंच आहे. माझ्यासारख्याला अहो म्हटलं की मी मागे वळून बघतो, कोण आलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर नाय. निकिता बाईंनी फळ्यावर तारीख लिहिली आणि खुर्चीत बसून राहिल्या. पाड्यापाड्यावर बातमी गेली होती की शाळेत देवाच्या आधी खायला लावतात. आज भाजी, उद्या देव सोडायला लावतील. मोठ्या सरांचा महिन्याभराचा घसा माझ्या एका कढईत बुडाला. सर मला ओरडले नाय. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पाड्याने मला दंड लावला, कोंबडी आणि नारळ. कोंबडी घ्यायला जिवलीबाय स्वतः बरोबर आली, मी आजारी कोंबडी उचलीन म्हणून. तिने कोंबडीची चोच उघडून बघितली, पंख उचलून बघितले, वजन करून बघितलं. मी बोललो, "बाय, मला नोकरीला घेताना पण एवढं बघितलं नव्हतं." ती बोलली, "म्हणून असं झालं." मग ठरल्या दिवशी देव जेवले, पाडा जेवला, आणि मी सगळ्यात शेवटी जेवलो. कोणी सांगितलं नव्हतं. भीतीच तेवढी बसली होती.

पोरं हळूहळू परत आली. संजनापण आली, पण एकटी नाय. आईसकट.

सरांनी सांगितलं होतं ना, कधीही या, बघा. असं आमंत्रण सगळे देतात, कोणी येणार नाय या भरवशावर. जिवलीबाय आली. आवणीचे, म्हंजे भातलावणीचे दिवस सोडले तर पावसाळाभर येत राहिली. वर्गात मागे थोडा वेळ बसायची, मग उठून माझ्या भटारखान्याच्या उंबऱ्यावर. मी विचारलं, "इकडे काय बघते? शिकवतात तिकडे." ती बोलली, "ती बाय इंग्रजीत बोलते. खरं बोलते का खोटं, मना काय कळणार? तुनी डाळ मना कळते."

तिचं म्हणणं मला नंतर समजलं. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा वीटभट्टीवर जायचे, मुकादमाच्या टेम्पोतून, भिवंडीच्या बाजूला. होळीला दोन दिवस घरी, मग परत पाऊस लागेपर्यंत तिकडे. मोठी पोरगी रोशनी अशीच संजनाएवढी असताना बरोबर गेली, तान्ह्या संजनाला सांभाळायला. तिची शाळा तेव्हा सुटली ती सुटली. आता ती कच्च्या विटा डोक्यावरून वाहायची. संजनाचं तसं होऊ द्यायचं नाय, असं जिवलीबायच्या मनात होतं. तिला घरच्या म्हातारीजवळ पाड्यावर ठेवायची, दिवसभर शाळेत. पण शाळेवर विश्वास बसला तर. नाय बसला तर टेम्पोत. टेम्पो येईपर्यंत तिला ठरवायचं होतं, आणि ठरवण्यासाठी तिने मला धरला होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शाळेचा आचारी म्हंजे खिचडी ढवळायची आणि झोपायचं. असं नाय. शंभर माणसांचं जेवण आणि शंभर पोरांचं जेवण यात फरक आहे. माणूस वाईट जेवण गुपचूप खातो आणि घरी जाऊन बोलतो. पोर तिथल्या तिथे थुंकतं. हॉटेलात तिखट जास्त मारलं की चूक झाकते, पोरांपुढे झाकायला कायच मिळत नाय. त्यात मी किनाऱ्याचा माणूस, माझा हात आपोआप सुक्या जवळ्याकडे जातो, आणि शाळेत तो चालत नाय. मूठभर सुकट टाकली असती तर त्या डाळीचं सोनं झालं असतं, हे दुःख मी रोज ढवळतो. आणि एक नियम आहे. पोरांना वाढायच्या आधी एका मास्तराने आणि एका आईबापाने चव बघायची. आईबाप कुठे रोज येणार? म्हणून तो नियम नुसता भिंतीवर होता. जिवलीबाय आली आणि नियम भिंतीवरून खाली उतरून माझ्या मानेवर बसला.

झाकण उचलायची, वास घ्यायची, पळीने तळ खरवडून बघायची. "खाली लागलंय."

"थोडंसंच लागलंय गं."

"मना थोडंसंच दिसलं. अजून किती लपवलं?"

मग बसून प्रश्न. तेल कोण देतं? सरकार थोडं, कंपनी थोडं. कुठली कंपनी? तारापूरची. ती काहाला, म्हंजे कशाला देते? मी बोललो, सरांना विचार. तिने खरंच सरांना उंबऱ्यावर बोलावलं.

"सर, कंपनी तेल देते, कपडं देते. तिला काय मिळतं?"

सर बोलले, "जिवलीताई, कंपनीला नियम आहे, नफ्यातला थोडा भाग समाजासाठी द्यायचा."

"नियम हाय म्हणून देते. मग नियम गेला की?"

"मग आपण दुसरीकडे बघू."

"आणि इथं जमीन नको तिला?"

सर हसले. मी नाय हसलो. मी पातेल्यात बघत होतो, कारण हाच प्रश्न मला नोकरी लागल्यापासून विचारायचा होता आणि पगार थांबेल म्हणून मी विचारला नव्हता.

मग ती कंपनीची माणसं पाहुणे म्हणून आली. मी त्या दिवशी मटार पनीर केलं, पुऱ्या केल्या, शिरा केला. पाहुण्यांतल्या एक मॅडम बोलल्या, "वा! मुलांना रोज असं मिळतं?" मी मान अर्धी हो आणि अर्धी नाय अशी हलवली, कला आहे ती. उंबऱ्यावरून आवाज आला, "नाय. रोज डाळभात. आज तुम्ही आलंत म्हणून." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग ती पुढे बोलली, "डाळभात बरा असतो. आज पोरांच्या पोटात दुखंल." आणि खरंच दुखलं. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा आणि मी सरांसमोर उभा. फोटो काढायला लागले तेव्हा जिवलीबायने संजनाला हात धरून बाजूला नेलं. "फोटो आधी, अंगठा मागनं," एवढंच बोलली.

मला वाटलं, आता ही काय पोरीला ठेवत नाय. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचा सूर थोडा नरम पडला. संजना घरी जाऊन म्हातारीला पुस्तक वाचून दाखवायची, बोट ठेवून. म्हातारी मध्येच झोपायची, तर ही तिला हलवून जागी करायची. जिवलीबाय हे सांगताना हसली, मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितली. मला वाटलं, जमलं. मी लगेच शहाणपणा केला. "बाय, बिनधास्त ठेव संजनाला. अशी शाळा बोईसरला पैसे भरून मिळायची नाय."

तिने पळी खाली ठेवली.

"आचारी, तुनी नात हाय ना? ती कठं शिकते?"

मी बोललो, "आहे ना, तिकडेच... आमच्या बाजूला."

"वाणगावला मी भाजी विकायला आलती. तू एका पोरीला पिवळ्या बसमध्ये चढवत होता. गळ्यात टाय. बस बोईसरला गेली."

मी वाणगावला राहतो, मुलगा आणि सून दोघं कंपनीत, आणि नात तन्वी पहिलीला, बोईसरच्या इंग्लिश शाळेत. भरपूर फीवाल्या. टाय मीच बांधायचो रोज सकाळी. गाठ मला एका वेटरने शिकवली होती.

मी बोललो, "अगं, त्यांना ते सोयीचं पडतं..."

"तू इथला डाळभात शिजवतो. इथली शाळा लय चांगली बोलतो. तुनी नात तिकडं, मनी पोर इकडं. काहाला?"

मी डाळ ढवळायला लागलो. चारोटीला असताना ट्रकवाल्यांना पण मी उत्तरं दिली होती.

ती उठली. "मंगळवारी टेम्पो येणार. तुनी नात इथं बसली तर मनी पोर ठेवीन. नाय तर नाय."

घरी जाऊन मी सुनेसमोर विषय काढला. आमची रेश्मा हुशार आहे, बी.कॉम. झालीये, कंपनीत पॅकिंगची सुपरवायझर. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"अगं, पुस्तकं, कपडे, जेवण, सगळं देतात. इंग्रजी पहिलीपासून."

"आणि फी?"

"नाय."

"मग त्यांना काय मिळतं?"

मी कपाळावर हात मारला. एवढं शिकली, आणि प्रश्न जिवलीबायचाच. मुलगा टीव्हीचा आवाज कमी करून बोलला, "पाड्यावरच्या पोरांमध्ये बसवायची का आता तन्वीला? लोकं काय बोलतील?" मी बोललो, "त्या पोरांच्यात मी रोज बसतो." तो बोलला, "तुम्हाला लोकं तसंपण बोलतातच."

शेवटी मी एकच वाक्य बोललो, सरांचं पाठ झालेलं. "कधीही या, मागे बसून बघा." रेश्माला वाटलं मी माघार घेतली. पण शनिवारी तिची सुट्टी होती. स्कूटरवर तन्वीला घेऊन ती खरंच आली, न सांगता. खालच्या वाटेने आली, म्हंजे मला आधी कळू नये. घरात संशयाचं पीक चांगलं आहे आमच्या.

वर्गात मागच्या बाकावर जिवलीबाय बसली होती. रेश्मा तिच्या शेजारी बसली. एकीच्या कमरेला कोयती, एकीच्या खांद्याला पर्स. दोघी समोर बघत होत्या, पोलिसांसारख्या. मी दारातून बघत होतो आणि माझा भात खाली लागत होता.

थोड्या वेळाने रेश्मा उठली, मुलींचं संडास बघायला. जिवलीबाय मागे गेली. "पाणी हाय. कडी आतनं लागते. मी रोज बघते." मग दोघी पाण्याच्या टाकीवर. मग माझ्याकडे. रेश्माने माझ्या पातेल्याचं झाकण उचललं, सासरा म्हणून काय लाज नाय.

"बाबा, लागलंय."

"थोडंसंच," मी बोललो, आणि जिवलीबाय बोलली, "असंच बोलतो तो."

निकिता बाईंनी तन्वीला संजनाशेजारी बसवलं आणि दोघींसमोर एक नवीन इंग्रजी पुस्तक ठेवलं, दोघींनी न बघितलेलं. तन्वी आमची बोलायला तयार. एका दमात तिने शाळेतली इंग्रजी कविता म्हटली, हातवारे करून. पुस्तकात ती कविता नव्हती. बाई बोलल्या, छान, आता हे वाच. तन्वीने आईकडे बघितलं. संजना बोट ठेवून एक एक शब्द जोडत गेली, अडली, मागे गेली, परत आली. एका पानाला एवढा वेळ लागला की मी दोनदा जाऊन गॅस बघून आलो. पण पान संपलं. मग तिने तन्वीचं बोट धरून त्याच पानावर पहिल्या शब्दाखाली ठेवलं.

रेश्माने तन्वीला स्कूटरवर घेतलं. स्कूटर चालू करताना फक्त एवढंच, "बघू." आमच्याकडे "येतो" म्हंजे काय ते तुम्हाला सांगितलं. "बघू" म्हंजे काय ते मला अजून कळलं नाय.

मंगळवारी सकाळी मी तन्वीला उठवायला गेलो तर रेश्मा बोलली, "तुम्ही जा. मी भूषणशी बोलतेय." भूषण म्हंजे माझा मुलगा. त्यांचं बोलणं काय चाललं होतं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. मी एकटा निघालो.

शाळेत जाऊन पोहे केले आणि बाहेर आलो, तर टेम्पो शाळेसमोरच्या वळणावर उभा होता. पाड्यावरची दोन-तीन घरं चढत होती, भांड्यांची बोचकी, कोंबड्यांची टोपली. रोशनी वर बसून सामान घेत होती. बोचक्यांच्या मध्ये संजना बसली होती. शाळेचे कपडे घालून. जिवलीबाय टेम्पोच्या दांड्याला धरून रस्त्याकडे बघत होती. मी आलो. माझ्या मागे कोणी नव्हतं. तिने ते बघितलं.

"बाय, येतायत..."

"तू एकटा आला."

"सून येते बोलली. म्हंजे, बघू बोलली."

ती टेम्पोत पाय ठेवायला लागली. मुकादम हॉर्न मारत होता. मी मूर्खासारखा टेम्पोच्या पुढे जाऊन उभा राहिलो. मुकादम बोलला, "ए म्हाताऱ्या, मरायचंय?" मी बोललो, "थोडा वेळ थांब, मग मरतो." निकिता बाई धावत आल्या, त्यांनी मला बाजूला ओढलं. टेम्पो सुरू झाला.

तेव्हा खालच्या वाटेने स्कूटर आली. धूळ उडवत. तन्वी पुढे उभी, गळ्यात बोईसरच्या शाळेचा टाय तसाच. रेश्माने स्कूटर टेम्पोसमोर आडवी लावली आणि मुकादमाला बोलली, "बंद कर." कंपनीत माणसांना बोलते तशी. त्याने केला.

जिवलीबायने तन्वीला वरून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता संजनाला उतरवील. नाय. ती मला बोलली, "नाश्ता झाला?"

"पोहे तयार आहेत."

"आधी तुनी नात जेवू दे."

सगळे शाळेत आलो. मुकादम शिव्या देत मागे. मी तन्वीच्या ताटात पोहे वाढले. मला जून आठवला. सगळा पाडा बघतोय आणि ताटाला कोण हात लावत नाय. तन्वीने एक घास घेतला. आईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि मोठ्याने बोलली, "आजोबा, मीठच नाही."

खरंच नव्हतं. त्या सकाळी मी मीठ विसरलो होतो.

जिवलीबायने चिमटीने पोहे घेतले, चाखले आणि रेश्माकडे बघून मान हलवली. "पोर खरं बोलते." मग ती टेम्पोकडे गेली आणि संजनाला उचलून खाली ठेवलं. बोचकं नाय दिलं, नुसती एक वेणीची रिबीन पदराच्या गाठीतून काढून तिच्या हातात दिली. टेम्पो निघाला तेव्हा संजना रडली नाय. रोशनी रडत होती. तिचं वय तेव्हा काय असंल, बारा-तेरा. तिला कोणीच काय विचारलं नव्हतं. मीपण नाय. सगळं जमलं म्हणून मी खूश होतो, आणि टेम्पोच्या मागे बसलेली ती पोर मला वळणावर दिसली. ती अजून दिसते.

तन्वी आता इथेच आहे. मुलगा अजून कोणी विचारलं तर "गंजाडच्या बाजूला इंटरनॅशनल" असं कायतरी सांगतो. टाय मी ठेवून दिलाय, मसाल्याची पिशवी बांधायला चांगला. आता पोरं जागेपेक्षा जास्त येतात, मग चिठ्ठ्या टाकतात, माझ्याच डाळीच्या पातेल्यात. लोकांना संशय येतो की मी आत हात घालून ओळखीच्या चिठ्ठ्या वर आणतो, म्हणून मला त्या दिवशी शाळेच्या बाहेर बसवतात. करार लवकरच संपतोय. मोठे सर बोलतात वाढेल. मी विचारतो, लिहून दिलंय का? सर बोलतात, देतील. मी पायाकडे बघतो.

त्या वर्षी होळीला जिवलीबाय भट्टीवरून आली. दुपारची वेळ, अंगावर विटांची लाल धूळ तशीच. मी बोललो, "बाय, संजना वर्गात आहे. पहिली तिला भेट." ती सरळ माझ्या भटारखान्यात आली. झाकण उचललं, वास घेतला, पळीने तळ खरवडला, एक थेंब हातावर घेऊन चाखला.

मी बोललो, "अगं, पोरीला तरी बघ आधी!"

"तिना काय बघायचं," ती बोलली आणि उंबऱ्यावर तिच्या जागेवर बसली. "ती बरी असंल. बघावा तर तू लागतो."